रातोमिरचे हात

रातोमिरचा पहिला दुधाचा दात पडला नाही, बापानं पाडला. त्या बापानं, क्रस्तानं, पोराला घोड्याच्या पट्ट्यानं वाढवलं. पुढे माइदानपेकच्या जंगलात लाकूडतोड करणारा हा धिप्पाड गडी तोंडाआधी हात चालवायला शिकला. गुत्त्यात त्यानं दोघांची नाकं फोडली, घरातली दोन दारं लाथेनं उखडली. दुन्याला, एकुलत्या एका मुलीला, मात्र त्यानं कधी मारलं नाही. कधी जवळही घेतलं नाही.

नवव्या वर्षी दुन्या स्वतःचे केस उपटू लागली. कानामागे तळहाताएवढं टक्कल पडलं, तेव्हा बाईंनी रातोमिरला शाळेत बोलावून घेतलं.

"वर्गात सारखी दाराकडे बघत बसते ती."

"माझ्या घरात तिला कुणी बोटही लावत नाही!"

"मग दारं कोण तोडतं, रातोमिर?"

त्याची मूठ वळली. बाई जागच्या हलल्या नाहीत. तो खुर्ची लाथाडून निघून गेला.

नोव्हेंबरात हिवाळ्याच्या बेगमीसाठी डुक्कर मारायचा दिवस आला. अंगणात किंचाळणाऱ्या जनावरावर गुडघा रोवून म्हाताऱ्या क्रस्तानं गळ्यात सुरी खुपसली.

"ए पोरी, रक्ताखाली परात धर! नुसती बघतेस काय, मेंगळट!"

गरम रक्ताची चिळकांडी मनगटावर आली आणि दुन्याच्या हातून परात सुटली. सगळं रक्त चिखलात गेलं. क्रस्तानं सुरीची मूठ तिच्या तोंडावर हाणली. गाल फाटला.

रातोमिरच्या पहिल्याच ठोशात बापाचा जबडा मोडल्याचा आवाज झाला. म्हातारा कोसळला तरी हा थांबेना. छातीवर बसून हाणतच राहिला. शेवटी रातोमिरची बायको स्तानित्सा हिनं फावडं उचलून त्याच्या पाठीत घातलं.

"मरेल तो! अरे, पोरगी कुठे गेली बघ!"

दुन्या मक्याच्या कणगीमागे अंग चोरून बसली होती. फ्रॉक ओला झाला होता. त्यानं हात पुढे केला, तशी ती कडकडून चावली. त्यानं हात ओढून घेतला नाही. तिनं सोडल्यावर तो चार पावलं मागे सरकून चिखलातच बसला.

"मीही इथंच लपायचो," तो म्हणाला. "तुझ्या आजोबांनाच घाबरून. आता ते तुला हात लावणार नाहीत."

"आणि तुम्ही?"

बापाच्या रक्तानं माखलेले हात काखेत दाबून रातोमिर लहान मुलासारखा रडला. दुन्या बघत राहिली. जवळ आली नाही.

क्रस्ता इस्पितळातून तारेनं आवळलेला जबडा घेऊन आला. रातोमिर रोज त्याला सूप नेऊन द्यायचा आणि म्हातारा रोज ते त्याच्या अंगावर थुंकायचा. रातोमिर मुकाट्यानं शर्ट बदलायचा. गुत्ता त्यानं सोडला. शाळेतल्या बाईंनी सांगितलेल्या मनाच्या डॉक्टरीणबाईंकडे मुलीला दर आठवड्याला नेऊ लागला. "तुम्हीही आत या," असं त्या म्हणाल्या, तेव्हा टोपी चुरगाळत आत जाऊन बसला.

एकदा राग अनावर होऊन त्यानं कपाट फोडलं. दुन्या तीन दिवस बोलली नाही. चौथ्या दिवशी तो तिच्या दाराबाहेर जमिनीवर बसून म्हणाला, "चुकलो मी."

पुढच्या हिवाळ्यापर्यंत दुन्याचे केस बोटभर वाढले. एका दुपारी डॉक्टरीणबाईंकडून परतताना बसमध्ये झोप लागून तिचं डोकं त्याच्या दंडावर कललं. त्यांचा थांबा मागे गेला, तरी रातोमिर थेट शेवटच्या थांब्यापर्यंत हलला नाही. तिथून तिला पाठीवर घेऊन तो दोन कोस चालत घरी आला.