माझ्या नावाची उपजात

लग्नाला दोन वर्षं झाली तरी आमच्या ह्यांनी माझं नाव एकदाही उच्चारलं नव्हतं. त्यात वावगं काही नव्हतं. आमच्या गावात, चिटगुप्प्यात, तेव्हा कुठला नवरा बायकोला नावानं हाक मारायचा? ‘अगं’ आणि ‘ऐकलीस का’ एवढ्यावर आमचा संसार सुखानं चालला होता.

हे निजामी शाळेत उर्दूतून सृष्टिज्ञान शिकवायचे आणि शाळा सुटली की जाळी घेऊन ओढ्याकाठी फुलपाखरांमागं पळायचे. हैदराबादहून आणलेल्या एका जाड पुस्तकात प्रत्येक फुलपाखराला दोन शब्दांचं लॅटिन नाव होतं. एखाद्या मुलखात त्याचं रूप जरा वेगळं निघालं, की त्या उपजातीला तिसरा शब्द मिळायचा. ह्यांचा सगळा जीव त्या तिसऱ्या शब्दात अडकलेला.

एका भाद्रपदात हे घरात शिरले ते नाचतच. हातातल्या कागदाच्या पुडीत एक शेपटीवालं फुलपाखरू होतं. काळे पंख, मागच्या पंखांवर लाल-पांढरे ठिपके.

“पुस्तकातल्याचं अंग लाल हाय, ह्याचं बघ, काळं कुळकुळीत! ही उपजात कुणालाच ठावं न्हाई!”

दुसऱ्या दिवशी त्यांचे दोस्त, शाळेतले फारशीचे मौलवीसाहेब, चहाला आले. नाव काय ठेवावं यावर दोघांची खडाजंगी झाली. ह्यांना गावाचं नाव हवं होतं. मौलवीसाहेब म्हणाले, “नक्को मास्टरसाब, चिटगुप्पा लॅटिन में कैसा बोलते? बेगमसाब का नाम रक्खो!”

हे कानापर्यंत लाल झाले. मग टाक उचलून चिठ्ठीवर लिहिलं आणि घसा खाकरून वाचलं. दोन अगम्य शब्द, आणि तिसरं माझं नाव, शेवटी लॅटिन शेपूट लावलेलं! दाराआड उभ्या उभ्या माझ्या हातातली बशी निसटली. तिचे तुकडे गोळा करताना मला हसू आवरेना. भाकरी थापतानाही मी ते नाव शेपटासकट गुणगुणत होते.

मुंबईच्या एका संग्रहालयाला पाठवायचं पत्र हे महिनाभर लिहीत आणि फाडत राहिले. त्यातच एका सकाळी माझ्या कढीपत्त्यावर तेच पाखरू आलं. काळं अंग, लाल ठिपके. पोट वाकवून पानाला टेकवायचं, की एक पिवळसर अंडं. दुसऱ्या पानावर दुसरं. मी धावत जाऊन ह्यांना सांगितलं.

“छे! ही जात रानातल्या एका वेलीवरच अंडी घालते. पुस्तकात हाय. तू दुसरंच काही बघितलीस.”

मला राग आला. मी ती पानं तोडून दुरडीत ठेवली आणि वर मलमल बांधली. चिमणीची विष्ठा वाटावी अशा अळ्या निघाल्या, पुढं हिरव्यागार झाल्या. बोट लावलं की डोक्यातून तांबडी शिंगं काढायच्या आणि उग्र वास सोडायच्या. शेजारच्या अक्का म्हणाल्या, “अय्योऽ, कढीत घालायचा पाला किड्यास्नी कामून चारायलीस?” मी चारत राहिले. मग एकेक अळी कोष करून काडीला लटकली.

ज्या सकाळी हे अखेर पत्र आणि पाखराचं पार्सल टपालात देऊन शाळेत गेले, त्याच सकाळी कोष फुटू लागले. पहिलं निघालं काळं, पांढऱ्या पट्ट्याचं, लिंबाच्या झाडाभोवती नेहमी दिसणारं. दुसरं निघालं ते लाल ठिपक्यांचं. माझ्या नावाचं! तिसरं पुन्हा पट्ट्याचं. आणि अंडी तर सगळी एकाच आईची.

माझ्या लक्षात आलं, ही दोन्ही एकाच जातीची. दुरडी झाकून ठेवावी, वाटलं. कुणाला कळणार होतं? एवढ्यात हे जेवायला आले आणि माझ्या तोंडून निघूनच गेलं, “अहो, माझ्या नावाची उपजात न्हाईच!”

हे दुरडीसमोर उकिडवे बसले. पट्ट्याचं आणि ठिपक्यांचं आळीपाळीनं निरखलं. मग हळूच म्हणाले, “म्हणजे ही त्या पट्टेवाल्याचीच बायको! पुस्तकातल्या त्या लाल अंगाच्या जातीचं लुगडं नेसून हिंडायलीय!” आणि असे हसत सुटले की मलाही उभं राहवेना. हसता हसता मी किंचाळले, “पार्सल!”

हे टोपीशिवाय पळाले. मीही पदर खोचून मागोमाग. भर बाजारात लोक विचारायले, “मास्तर, कामून पळायलाव?” उत्तर द्यायला दम कुठं होता! हुमनाबादची मोटर भोंगा वाजवत होती आणि टपालाची थैली टपावर चढत होती. पोस्टमास्तरांनी आधी अर्ज लिहून घेतला, सही घेतली, मगच थैली उघडली. पार्सल छातीशी धरून हे मोटरीला चक्क सलाम करून आले.

संध्याकाळी मौलवीसाहेबांनी सगळं ऐकलं आणि कपाळावर हात मारला. “बेगमसाब ने अपना नाम खुद मिटाया!”

आम्ही नवं पत्र पाठवलं, एका आईच्या नऊ लेकरांची हकिकत. पाच पट्ट्याची, चार ठिपक्यांची. उत्तर आलं. मादीचं हे रूप शास्त्राला आधीच ठाऊक होतं; पण नोंद स्वच्छ आहे, आणखी पाठवा, असं लिहिलं होतं. त्याच आठवड्यात मी ह्यांना पाटी-पेन्सिल घेऊन बसवलं आणि इंग्रजी अक्षरं शिकायला लागले. संग्रहालयाला पाठवलेल्या पुढच्या पेटीत फुलपाखरांच्या नावांच्या सगळ्या चिठ्ठ्या माझ्या हातच्या होत्या. वेड्यावाकड्या, पण एकही चुकीची नव्हती.