दाजींची तापी-सफर

आमच्या घरात कुणालाच पोहता येत नव्हतं, तरी आम्ही तापीतून तीन मुक्कामांची डोंग्याची सफर काढली.

कल्पना दाजींची, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीच्या यजमानांची. ते तापीकाठच्या प्रकाशा गावचे. सरकीच्या व्यापारासाठी एकदा कच्छला गेले. तिथं किनाऱ्याकिनाऱ्यानं डोंग्यांतून जाणारे आणि रेताडात चूल मांडून मुक्काम करणारे कोळी त्यांनी पाहिले, आणि परत आले ते थेट दर्यावर्दी होऊन! (समुद्रात त्यांचे पाय घोट्यापर्यंतच भिजले होते, असं ताई म्हणायची.) पश्चिम खानदेशात समुद्र काही सापडेना, म्हणून त्यांनी तापी धरली.

खरं कारण वेगळं होतं. आई जाऊन वर्ष होत आलं होतं. नंदुरबारच्या घरात मी आणि माझे वडील, आबा, असे दोघंच उरलो होतो. मी शाळामास्तर, आबा कापसाच्या जिनिंगमधून निवृत्त झालेले. आमचं दिवसभराचं बोलणं म्हणजे "जेवना का?" आणि "जेवनू." संध्याकाळी ते पुढच्या ओट्यावर बसत, मी मागच्या खोलीत. ताईला ते बघवेना. तिनंच दाजींना आमच्यावर सोडलं असावं.

"मामा, नदीवर माणूस मोकया व्हस!" दाजी आबांना म्हणाले. (सासऱ्यांना ते मामाच म्हणत.)

"पानी कितलं शे?"

"चैत शे, मामा. कमरेइतलं. बुडाले बी मेहनत करनी पडी!"

आबा "हूं" म्हणाले. वर्षभरातलं ते त्यांचं सगळ्यात उत्साही वाक्य.

सारंगखेड्याच्या भोयांकडून तीन डोंगे मागून आणले. लाकूड कोरून केलेले, एकेका माणसापुरते. एक डोंगा उलटला तरी सगळं सामान बुडू नये, म्हणून दाजींनी ते तिघांत वाटलं. पिठाची पिशवी आबांकडे, तवा आणि पातेलं माझ्याकडे. दाजी वाटाड्या, म्हणून ताडपत्री, ठेचा आणि गूळ त्यांच्याकडे. काडेपेटी मात्र प्रत्येकाच्या खिशात. (केवढी ही दूरदृष्टी!)

निघालो. दाजी सरळ गेले. आबा वाकडे का होईना, पण गेले. मी एका जागी गोल फिरत राहिलो. काठावरची एक म्हैस मान वळवून वळवून माझ्याकडे बघत होती. शेवटी तिलाच गरगरलं असावं, ती उठून गेली.

दुपारनंतर दोन्ही काठांना नुसती पांढरी वाळू. ना झाड, ना माणूस. पुढे एका मोठ्या वाळूच्या बेटानं नदी दुभंगली होती. लांबून दाजींनी तोंड मागं वळवून आरोळी दिली, "उजवा हातले याऽऽ!" आणि हात हलवला डावा! आबांनी हात पाहिला. मी शब्द ऐकला. आबा डावीकडून गेले, मी उजवीकडून. दाजी स्वतः कुठून गेले, हे त्यांनाही नंतर सांगता आलं नाही.

मी थोडा पुढे गेलो आणि डोंगा वाळूत रुतला. हाका मारल्या. उलट हाक नाही. दिवस कलला. मी बेटावर चढून काटक्या पेटवल्या आणि त्यावर तवा ठेवला. तवा छान तापला. त्यावर टाकायला काही नाही, हे त्यानंतर ध्यानात आलं.

एवढ्यात पलीकडे, झाऊच्या झुडपांमागून धूर निघाला. दाजी असतील? छे, दाजी असते तर एव्हाना भाषण ऐकू आलं असतं. म्हणजे दरोडेखोरच! मी झटकन माझ्या विस्तवावर वाळू लोटली. दोन क्षणांत पलीकडचाही धूर बंद!

म्हणजे त्यांनी मला पाहिलं होतं!

मी तवा छातीशी धरून बसलो. अंधारून आलं. पाण्याचा आवाजसुद्धा थांबल्यासारखा झाला. आई गेल्यावर घरात मी रडलो नव्हतो. भिंत पातळ, आबांना ऐकू गेलं असतं. इथं कुणाला ऐकू जाणार? दरोडेखोरांनाच ना? जाऊ दे. मी रडलो. आधी हळू, मग चांगला गळा काढून. इतका, की दरोडेखोर आलेच नाहीत.

उजाडल्यावर भूक भीतीला भारी पडली. मी तव्यावर दगड बडवत झुडपांकडे निघालो. समोरून एक पांढरं भूत वल्हं उगारून आलं! मी किंचाळलो, तवा पायावर पडला, पुन्हा किंचाळलो.

"सुक्या?" भूतानं माझं नाव घेतलं.

आबा होते! रात्री वाऱ्यानं पिठाची पिशवी त्यांच्या अंगावर उलटली होती. आम्ही दोघं एकाच बेटावर, एकमेकांना भिऊन, एकानं पीठ आणि एकानं तवा घेऊन उपाशी बसलो होतो!

पिशवीत उरलेल्या पिठाच्या भाकरी आम्ही भाजायला घेतल्या. आबांनी विस्तवात एक काटकी सारली. मग म्हणाले, "रातले एक तरस रडी ऱ्हायंतं. तू ऐकं का?"

"हा... ऐकं."

"मन्ही बी झोप उडी गई. भलतंच एकलं वाटी ऱ्हायंतं ते." त्यांनी भाकरी उलटली. "उठीसन तेना जवय जाऊ का, आसं वाटनं. पण तरसना भ्याव वाटना."

त्यांनी पहिली भाकरी माझ्यापुढे केली. आईनंतर प्रथमच त्यांनी मला वाढलं. आम्ही दोघंही धुराच्या नावानं डोळे पुसले.

दुपारी दाजी सापडले. पुढच्या गावात भोयांकडे मासे खाऊन ते गाढ झोपले होते. सफर तिथंच संपली.

घरी मात्र संध्याकाळी मीही ओट्यावर येऊन बसू लागलो. गल्लीतलं कुणी आलं, की आबा तापीचा किस्सा काढत. दरोडेखोर, पीठ, तवा, सगळं. तरसावर आले, की माझ्याकडे वळून अगदी गंभीरपणे म्हणत, "सुक्या, कसं रडी ऱ्हायंतं ते? काढी दाखाड."

मी गळा काढायचो. समोरचा दचकायचा. आबा मान डोलवत म्हणायचे, "हुबेहूब! पण त्या रातले आखो जास्ती बेसूर व्हतं."