जनूनं कापणीनंतरवर ढकललेलं ऑपरेशन

माझा धाकटा दीर जनू माघात गेला. पेणच्या खाली खाडीकाठाला आमची भातशेती, आणि तिथली उघाडी जनू सांभाळायचा. उघाडी म्हणजे बांधातलं लाकडी दार. ओहोटीला शेतातलं पाणी ते ढकलून खाडीत जातं, भरती आली की खारं पाणी बाहेरून तेच दार लावून घेतं. दार अडकलं तर भात बुडतो, गळलं तर जळतो. जनूला दाराचं सगळं कळायचं. स्वतःला दम लागतो, हे मात्र बायकोनं सांगावं लागायचं.

आषाढात तो बांधावरच चक्कर येऊन पडला. त्याची लेक प्रणिता रोह्याला दिलेली, ती आम्हाला तिथल्या डाक्तरीणबाईंकडे घेऊन गेली. छातीचा इको काढून त्या म्हणाल्या, "काका, हृदयातून रक्त बाहेर जातं तिथली झडप आवळलीय, पुरती उघडत नाही. आणि नीट मिटतही नाही, रक्त मागं गळतं. नवी बसवायला मुंबईला जा. थांबू नका."

"म्हंजी आमची उघाडीच की!" जनू म्हणाला. आम्ही सगळेच हसलो.

घरी येऊन त्यानं दाराचाच न्याय छातीला लावला. भर पावसात दार कोणी काढत नाही. फटीत पेंढा-चिखल कोंबायचा, कापणी झाली, शेत सुकलं की नवं दार बसवायचं. डाक्तरीणबाईंच्या गोळ्यांनी पायाची सूज उतरली तसा बायकोला म्हणाला, "बघ इंदू, पेंढा धरला."

"तुमची छाती काय भाताचं खाचर हाय?" इंदुबाई कडाडली.

"वयनी, सांगा गो हिला. पावसात दार काढायचं नसतं."

"भावोजी, डाक्तरीण शिकलेली हाय. तुम्ही नुसते भिजलेले," मी म्हटलं.

त्यानं ऐकलं नाही. प्रणितानं मुंबईची तारीख घेतली, ती त्यानं दिवाळीनंतरवर ढकलली.

भात झोडून झालं तेव्हा दाढी करून, पिशवी भरून तो आपणहून निघाला. मुंबईचे डॉक्टर म्हणाले, जोर लावून लावून हृदय फुगलंय, ढिलं पडलंय. आता ऑपरेशन झेपणार नाही.

परतीच्या गाडीत गडब गाव आलं तशी जनूनं खिडकीतून कापलेली खाचरं पाहिली. मग म्हणाला, "इंदू, तुझं बरोबर होतं गो. आषाढातच जायला हवं होतं."

"व्हय," ती म्हणाली. एरवी त्यानं असं कबूल केलं असतं, तर तिनं गावभर सांगितलं असतं.