वहिनीने सर्व्हर बंद करू दिला नाही

माझी वहिनी घरात कमालीची विसरभोळी. चष्मा कपाळावर चढवून घरभर चष्मा शोधणार, दूध गॅसवर ठेवून गप्पा मारायला बसणार आणि ते उतू गेलं की ‘अगं बाई!’ करत धावणार. दादा म्हणतो, “हिच्या हाती रक्तपेढीचा कारभार दिलाय, धन्य आहे!” म्हणतो खरा, पण तोंडभर हसून.

त्याच रक्तपेढीत मी रक्तगट तपासायचं काम करतो. तिथली वहिनी मात्र वेगळीच बाई. ती लागली टायपिस्ट म्हणून. पहिला कॉम्प्युटर आला तेव्हा बाकीचे त्याच्यापासून चार हात लांब राहिले; हिने हौसेने त्याच्याशी खटपट केली, बंद पडला की सुरू केला, आणि बघता बघता सर्व्हर सांभाळणं तिच्याच गळ्यात पडलं. रक्तदात्यांची नावं, कोणती पिशवी कुठल्या पेशंटला गेली, सगळं त्या एका यंत्रात. ठेवलेला कुठे, तर जिन्याखालच्या खोलीत, झाडू आणि रिकाम्या खोक्यांच्या शेजारी.

त्या सकाळी सगळेच कॉम्प्युटर रडतखडत चालत होते. वहिनी जिन्याखाली गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. मी डोकावलो तर ती स्क्रीनकडे टक लावून बसलेली.

“भाऊजी, आपला सर्व्हर कुणाशी तरी बोलतोय,” ती म्हणाली. “बाहेरच्या कुणाशी तरी. आणि भरभरून देतोय.”

बातमी फुटायला वेळ लागला नाही. नोंदणीच्या खिडकीवरची ताई रडायलाच लागली. आदल्या दिवशी एका अनोळखी ईमेलमधली फाइल तिने उघडली होती. “माझ्यामुळेच झालं,” ती म्हणत राहिली, आणि दोघातिघांनी तिच्याकडे असं पाहिलं की तिला दुसरं काही वाटणं शक्यच नव्हतं.

तेवढ्यात मोठे डॉक्टर आले. माणूस देवासारखा, पण घाबरला की आधी हात पुढे जातो, मग डोकं चालतं. ते थेट सर्व्हरच्या बटणाकडेच झेपावले. “बंद करा! आधी बंद करा!”

वहिनी मधे उभी राहिली. “डॉक्टर, थांबा. बंद नाही करायचा.”

“अहो बाई, चोर घरात शिरलाय!”

“म्हणूनच. तो काय करतोय ते आत्ता याच्या मेमरीत आहे. वीज गेली की मेमरी कोरी. मग कोण आलं, कुठून आलं, काहीच कळणार नाही.”

“आणि तोवर तो आपली माहिती नेत राहणार?”

“नाही. दार लावू या, पण दिवा चालू ठेवून.”

तिने ड्रॉवरमधून एक पेन ड्राइव्ह काढला. सर्व्हरवरची तपासणीची साधनं चोराने बिघडवली असतील तर ती खोटं सांगतील, म्हणून स्वतःची स्वच्छ साधनं तिने त्यात ठेवली होती. सर्व्हर त्या क्षणी कुणाकुणाशी जोडलेला आहे ते आधी टिपलं. मग लगेच नेटवर्कची केबल उपसली. “गेला बाहेर,” ती म्हणाली. “आता मेमरीची नक्कल.” ती नक्कल तिने सर्व्हरवर ठेवली नाही, बाहेरून जोडलेल्या वेगळ्या डिस्कवर उतरवायला लावली. मला म्हणाली, “भाऊजी, मी काय करतेय त्याचा मोबाइलवर व्हिडिओ घ्या. उद्या कुणी विचारलं तर दाखवता यायला हवं.”

नक्कल निम्मी झाली आणि वीज गेली.

रक्ताच्या फ्रिजसाठी जनरेटर होता, तो धडधडत सुरू झाला. जिन्याखालच्या खोलीला मात्र ती लाइन नव्हती. यूपीएस केकाटायला लागला. त्याची बॅटरी म्हातारी झालेली. वहिनी ती बदला म्हणून कधीची मागे लागली होती.

“स्क्रीन बंद करते, तेवढीच वीज वाचेल,” ती म्हणाली. “पण नक्कल होईपर्यंत ही बॅटरी टिकणार नाही.”

“फ्रिजच्या खोलीतून वायर ओढली तर?” डॉक्टरांनी विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता पळाले. मी त्यांच्यामागे धावलो आणि आम्ही दोघांनी एक्स्टेन्शनला एक्स्टेन्शन जोडत सगळ्या व्हरांड्यातून वायर आणली. डॉक्टर कोट सावरत टेबलाखाली शिरले, यूपीएसचा प्लग काढून इकडे लावला. केकाटणं थांबलं. सर्व्हरने हूं की चूं केलं नाही.

मग डॉक्टर व्हरांड्यात हात पसरून वायरीवर पहारा देत उभे राहिले. रक्त द्यायला आलेल्या एका धिप्पाड गृहस्थांना त्यांनी दरडावलं, “पाय उचलून! पाय उचलून टाका!” ते बिचारे बगळ्यासारखे पाय टाकत गेले.

नक्कल पूर्ण झाली. तिच्यात पुढे कुणी एक अक्षरही बदललं तर लक्षात यावं म्हणून वहिनीने तिच्यावरून मोजलेला आकड्यांचा ठसा काढून ठेवला, मग डिस्क पाकिटात बंद करून आम्हा तिघांच्या सह्या घेतल्या. त्या दिवशी आम्ही पिशव्यांवरची सगळी लेबलं हाताने लिहिली.

डॉक्टरांनी बोलावलेल्या तज्ज्ञांनी ती नक्कल आणि सर्व्हर तपासून आठवड्याभरात सांगितलं ते असं: चोराचा प्रोग्राम फक्त मेमरीतच होता, सर्व्हरच्या डिस्कवरच्या खुणा त्याने पुसून टाकल्या होत्या. ताईने उघडलेली फाइल निव्वळ जाहिरात होती. चोर शिरला होता एका जुन्या खात्यातून. बाहेरून दुरुस्तीला येणाऱ्या माणसासाठी कधीकाळी उघडलेलं खातं. काम संपलं, पण खातं तसंच राहिलं.

त्यावर बैठक झाली. वहिनी म्हणाली, “ते खातं मी उघडलं होतं. बंद करायचं राहून गेलं. चूक माझी.” मग ताईकडे वळून, “तू उगाच रडलीस गं. मीच तेव्हा तुझ्या बाजूने बोलायला हवं होतं.”

डॉक्टर म्हणाले, “बाई, तुम्ही मला बटण दाबू दिलं असतं तर हे कुणालाच कळलं नसतं.”

“मलासुद्धा नसतं कळलं,” वहिनी म्हणाली. “आणि तो त्याच दाराने परत आला असता.”

तिला कुणी काढलं नाही. जुनी खाती बंद झाली, यूपीएसला नवी बॅटरी आली, खोकी हलली. पिशव्यांच्या नोंदींना धक्का लागला नव्हता, पण रक्तदात्यांचे फोन नंबर आणि पत्ते गेले होते. ते त्यांना कळवायला हवं होतं. डॉक्टर म्हणाले मेसेज पाठवू. वहिनी म्हणाली, “मेसेज पाठवाच. पण नेहमी येणाऱ्यांना मी फोन करते.”

कितीतरी दिवस ती दुपारी फोन घेऊन बसायची. चूक आमची, अनोळखी फोनवर काही सांगू नका, असं प्रत्येकाला सांगायची. काहींनी खडसावलं. तिने ते ऐकून घेतलं. वर्षानुवर्षं रक्त देत आलेल्या एका आजोबांना ऐकू कमी यायचं, त्यांना सगळं तीनदा ओरडून सांगितल्यावर त्यांनी विचारलं, “म्हणजे आता मी रक्त द्यायला यायचं नाही का?”

“या ना आजोबा,” वहिनी जोरात म्हणाली आणि पदराने डोळे पुसले. “तुमचं वय झालंय, रक्त घेणार नाही. पण चहाला या.”