बारा शब्दांचा उखाणा

माझ्या पैशाची गुप्त किल्ली जवळा बाजारच्या बांगडीवालीला तोंडपाठ होती.

झालं असं, की दोन शेळ्या विकून आलेले पैसे मी क्रिप्टोत टाकायचे ठरवले. (क्रिप्टो म्हणजे काय ते मला विचारू नका. नाणं हाय म्हणतात, पण वाजत न्हाई.) आमची सून मनीषा फोनवर ॲप शोधायला बसली. पहिलं ॲप लई कडक. त्याला अंगठा पाहिजे, अन् निंदणखुरपणात माझ्या अंगठ्याच्या रेषा झिजलेल्या. तोंड दाखवलं तर पदर घेतलेली मी अन् बिनपदराची मी, त्याच्या लेखी दोन बाया. दुसरं ॲप इतकं सोपं, की शेळीनं फोन चाटला तर उघडलं.

तिसरं मात्र मनासारखं निघालं. चार आकडे दाबले की उघडतं, अन् फोन हरवला तर बारा इंग्रजी शब्दांवर पैसे परत मिळतात.

"पण आई, ज्याला हे शब्द ठाऊक, पैसे त्याचे," मनीषा म्हणाली. "कागद मी कपाटात ठेवते. तुमी पण पाठ करा. कोणाला सांगू नका."

"मी काहून सांगू?"

आता बारा इंग्रजी शब्द माझ्या डोक्यात ओळीनं कसे ऱ्हावे? मी त्यांचा उखाणा केला. (ते खातं आता रिकामं हाय, म्हणून छापायला हरकत न्हाई.)

लेमन, मँगो, ओनियन, टायगर बसला दारी,
रिव्हरकाठी कॅमेरा अन् लॅडर गेली वरी,
शुगर, राईस, गिटार, अंब्रेला डॉक्टरच्या हाती,
दत्तरावांचं नाव घेते, जन्मोजन्मीचे साथी.

आठवड्यानं संक्रांतीचं हळदीकुंकू आलं. बायांनी धरलं, "काकू, नाव घ्या." दुसरा उखाणा जिभेवर येईचना, हाच धावत आला. बाया हसून लोळल्या. परत म्हणायला लावला, मी म्हटला. एकीनं व्हिडिओ काढला, तर मी पदर सारखा करून तिसऱ्यांदा म्हटला.

दुसऱ्या दिवशी बाजारात शबानाबी बांगड्या भरता भरता म्हणाली, "मावशी, टायगरवाल्या तुमीच ना?" अन् सगळा उखाणा धडाधड म्हणून दाखवला, एक शब्द इकडचा तिकडं न्हाई.

मी फुगून घरी आले, सुनेला कौतुकानं सांगितलं. तिच्या हातातली परात खाली पडली.

"आई, त्या शेळ्या गेल्या समजा."

ती फोन घेऊन गच्चीवर पळाली, कारण रेंज तिथंच येते. मी जिन्यात उभी, देवाचं नाव घेत. (तेही मनातल्या मनात.) बऱ्याच वेळानं वरून आवाज आला, "नव्या खात्यात गेले. सगळे हायेत."

नवे बारा शब्द तिनं मला एकदाच वाचून दाखवले. तेवढ्यात माझ्या डोक्यात दोन ओळी जुळल्यासुद्धा. म्हणून पुढच्या हळदीकुंकवाला बायांनी कितीबी आग्रह केला, तरी मी तोंड घट्ट मिटून बसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारच्या सुमनवहिनी दारात. "काकू, या वयात रुसून नवऱ्याचं नाव घ्यायचं सोडू न्हाई. काय असल ते मिटवून घ्या."

खरं सांगायची सोय नव्हती. मी मान खाली घालून "व्हय" म्हटलं.

ओट्यावर चहा पीत बसलेल्या ह्यांनी बशी खाली ठेवली. "आपलं भांडण झालंय? मग मला काहून न्हाई सांगितलं?"