दादाचा फळा आणि वहिनीचं माहेर

"फळ्यातून तुमच्या दादाला काय मिळायचं हो?" असं अजूनही कुणी विचारलं की माझं डोकं फिरतं. डोंबल मिळायचं, असं मी सांगते. विचारणाऱ्याला ते खरं वाटत नाही. शेवगावात एकाही माणसाला ते कधी खरं वाटलं नाही, आणि सगळ्यात वाईट म्हणजे खुद्द दादालाही वाटलं नाही.

रंभाजी माझा थोरला भाऊ. जिनिंगमध्ये काट्यावर कापूस मोजायला होता. मॅट्रिक नापास, पण अक्षर मोत्यासारखं, आणि कुणाला टोमणा मारल्याशिवाय त्याला घास जात नसे. त्र्याण्णव साली एका शाळेनं टाकून दिलेला फळा त्यानं मागून आणला. जुन्या सेलमधला कोळसा कुटून त्याला काळा केला आणि एसटी स्टँडसमोर, सत्तारभाईच्या एसटीडी बूथशेजारच्या भिंतीवर टांगला. रोज सकाळी कामावर जायच्या आधी तो त्यावर लिहायचा. कुठली गाडी रद्द, कांद्याला काय भाव, कुणाची शेळी हरवली, नळाला पाणी कधी येणार. शेवटी एक ओळ स्वतःची. 'रस्त्याचे खड्डे बुजवण्याचे काम जोरात चालू आहे, कागदावर.' असलं काहीतरी. लोक ती ओळ वाचून हसायचे आणि दिवसभर एकमेकांना ऐकवायचे.

पण फळ्याचा खरा उपयोग वेगळाच होता. तेव्हा घरोघरी फोन नव्हते. परगावी कुणाचं माणूस गेलं की तिथले लोक सत्तारभाईच्या बूथवर फोन करायचे. सत्तारभाई दादाला सांगायचा, दादा नसला तर स्वतःच खडू हातात घ्यायचा. कोण गेलं, कुठल्या गावी, माती किती वाजता. स्टँडवरून येणारा-जाणारा ते वाचायचा आणि ज्याचं माणूस असेल त्याच्या घराकडं कुणी ना कुणी पळायचं. त्या फळ्यामुळं कितीतरी लोकांना आपल्या माणसाचं तोंड शेवटचं बघायला मिळालं. हे मात्र मी मान्य करते.

लोकांचे तर्क काय एकेक असायचे. कुणी म्हणायचं, रंभाजीला आमदाराकडून पाकीट येतं. कुणी म्हणायचं, नगरच्या पेपरवाले त्याला महिन्याला पगार देतात. खरं तर पेपरचा बातमीदार रोज येऊन त्याच्याच बातम्या फुकट उतरवून न्यायचा. आमच्या गल्लीतल्या लंकाबाईची तर खात्री होती की सरकारातून ग्रँट आहे. "एवढी मानसं वाचत्यात, मग पैका आल्याबिगर ऱ्हाईल व्हय?" ती मला म्हणायची. दादा हे सगळं ऐकायचा आणि मिशीत हसायचा. हळूहळू त्यालाही ते पटत गेलं.

"जया, मानसं जमली की पैसा आपसूक येतो," तो मला म्हणाला.

"जत्रेतबी मानसं जमत्यात. पैसा रेवडीवाल्याला मिळतो, देवळाच्या भिंतीला न्हाई," मी म्हणाले. मी नर्स, दिवसभर खेड्यापाड्यांत लसी टोचत फिरायची. मला गोड बोलायची सवय नव्हती.

त्यानं ऐकलं नाही. जिनिंगची पाळी आणि फळा यांचा मेळ बसेना, तेव्हा त्यानं जिनिंग सोडली. आता दुकानदार जाहिराती देतील, असा त्याचा हिशोब. दुकानदार यायचे, चहा पाजायचे आणि म्हणायचे, "तू लिवतोसच की, आमचीबी एक ओळ टाक." एका किराणावाल्यानं खरोखर पैसे दिले. पुढच्याच आठवड्यात दादानं त्याच्या तेलातल्या भेसळीवर टोमणा लिहिला आणि ते गिऱ्हाईक गेलं. मातीच्या निरोपाचे पैसे घे, असं काहींनी सुचवलं. दादा त्यांच्या अंगावर धावून गेला. मला त्या दिवशी त्याचा अभिमान वाटला, आणि घरात काय शिजणार याची काळजीही वाटली.

घर चालवत होती भागिरथीवहिनी. खुरपायला जायची, दुपारी भाकरी खायला घरी यायची, पुन्हा जायची. चौथी शिकलेली होती. येताना डोक्यावर गवताचा भारा घेऊन फळ्यासमोर थांबायची आणि वरपासून खालपर्यंत सगळं वाचायची, मगच पुढं निघायची. नवऱ्यानं नोकरी सोडली म्हणून ती एकदाही भांडली नाही. मी असते तर फळा त्याच्या डोक्यात घातला असता.

तिचं माहेर बेलापूरचं. घरी आई आणि धाकटा भाऊ भीमा. शहाण्णवच्या थंडीत आईनं अंथरूण धरलं. त्याआधी एकदा दादा तिकडं गेला होता तेव्हा भीमानं सगळ्यांसमोर विचारलं होतं, "दाजी, खडूवर संसार चालतो का?" ते दादाच्या वर्मी लागलं होतं. पुन्हा सासुरवाडीला रिकाम्या हातानं पाऊल टाकायचं नाही, असं त्यानं मनाशी घेतलं होतं.

"आई लई थकलीय. मी एकटी जाऊन येते," वहिनी म्हणाली. मी तिथंच बसले होते.

"आन् भीमा काय म्हनंल? ह्या गुरुवारी पैसे येत्यात. शुक्रवारी जीप करून जाऊ. आईला श्रीरामपूरला डागदर दाखवू, लुगडं घिऊ."

"आईला लुगडं नगंय. मी पायजे."

"चार दिस थांब, भागे. यवढ्याला नगं म्हनू नगंस."

ती थांबली. आमच्याकडं बायका थांबतात.

गुरुवारचे पैसे म्हणजे तालुक्यातल्या एका होतकरू नेत्याचा वाढदिवस. नाव घेत नाही, घेण्याच्या लायकीचा तो नव्हता. त्याच्या माणसांनी अख्खा फळा एका दिवसासाठी मागितला, आणि खडूनं नाही, ऑइलपेंटनं. बुधवारी पेंटर आला. त्यानं मध्यभागी नेत्याचा चेहरा काढला, दोन्ही बाजूंना हार काढले आणि खाली शुभेच्छुकांची ही लांबलचक रांग. बोटभरसुद्धा जागा उरली नाही. दादा लांब उभा राहून ते बघत होता. असलं मोठं काम पहिल्यांदाच मिळालं होतं. लग्नात मिरवणाऱ्या नवऱ्यासारखा त्याचा चेहरा झाला होता.

गुरुवारी पहाटे इस्त्रीचा सदरा घालून तो नेत्याच्या गावी मांडवात गेला. पैसे तिथं मिळणार होते. मी माझ्या फिरतीवर गेले. वहिनी दाराला कुलूप लावून खुरपायला गेली.

नऊच्या सुमाराला बेलापूरहून बूथवर फोन आला. भागिरथीची आई गेली. माती पाच वाजता. लेकीला लगेच धाडा.

सत्तारभाई खडू घेऊन बाहेर आला. फळ्यावर जागा नव्हती, तरी त्यानं नेत्याच्या हारावर लिहून बघितलं. ऑइलपेंटवर खडू धरेना. मग त्यानं पेपर वाटणाऱ्या कानिफनाथला सायकलवरून दादाच्या घरी पिटाळलं. कानिफनाथनं कुलूप बघितलं आणि परत येऊन सांगितलं, "गेली जनू समदी. कुलूप हाय." सत्तारभाईला ते पटलं. स्टँडवर जमलेल्या सगळ्यांनाच पटलं. रंभाजीच्या घरी बातमी कोण सांगणार? गावाला कळायच्या आधी त्याला कळतं, ही सगळ्यांची समजूत. सत्तारभाईनं बेलापूरला उलटा फोन करून कळवलं की लेक निघाली आहे, वाट बघा. त्याच्या मनात पाप नव्हतं. मी त्याला कधी बोल लावला नाही.

दुपारी वहिनी स्टँडवरून आली. सत्तारभाई जेवायला घरी गेला होता. चहावाल्यानं तिला लांबून पाहिलं. ती गाडीची वाट बघत असेल, असं त्याला वाटलं. बेलापूरला जायची ती श्रीरामपूरची गाडी तेव्हा खरंच फलाटाला उभी होती. वहिनी फळ्यासमोर थांबली, तो रंगवलेला चेहरा तिनं बघितला, आणि घरी येऊन भाकरी खाऊन पुन्हा खुरपायला गेली. पुढं एकदाच ती मला याबद्दल बोलली. म्हणाली, "मला वाटलं, आज कुनी मेलं न्हाई. बरं झालं."

दिवेलागणीला मी तिच्याकडं गेले तेव्हा ती चूल पेटवत होती. उद्या जायचं म्हणून तिनं पिशवी भरून ठेवली होती. आईला आवडतात म्हणून तिळाच्या वड्या केल्या होत्या. इतक्यात लंकाबाई आली. हातात फडक्यानं झाकलेली टोपली, आत पिठलं आणि भाकरी. मयताच्या घरी चूल पेटत नाही, शेजारणी भाकरी आणतात. वहिनीनं टोपलीकडं पाहिलं.

"कुनाकडं निगालीस, लंकाबाई? कोन गेलं?"

लंकाबाई उंबऱ्यातच थांबली. तिनं माझ्याकडं पाहिलं. मला काहीच माहीत नव्हतं.

"भागिरथे, दार उगडं दिसलं म्हनून भाकरी आनली. तू बेलापूरहून कवा आलीस?" तिनं हळूच विचारलं.

"मी कशाला जाईन? उद्या जायचंय."

लंकाबाईनं टोपली खाली ठेवली आणि ती रडायला लागली. वहिनी रडली नाही. तिनं चुलीतली लाकडं एकेक करून बाहेर ओढली, त्यांच्यावर पाणी ओतलं आणि भिंतीला टेकून बसली. बाहेर अंधार पडला होता. पाच वाजून गेलेले होते.

दादा आला तो हसत. खांद्यावर शाल, हातात नारळ. दिवसभर मांडवात बसवून ठेवून त्यांनी त्याचा सत्कार केला होता. माईकवरून त्याचं नाव घेतलं होतं आणि पैशाचं विचारल्यावर 'रंभाजीराव, तुमी घरचेच' असं म्हणून वाटेला लावलं होतं. हे त्यानं दारातूनच सांगायला सुरुवात केली, आणि मग त्याला टोपली दिसली.

फळ्याचं पुढं काय झालं ते इथंच सांगून टाकते. दादानं तो पेंट खरवडला नाही. फळा कितीतरी दिवस तसाच होता, मग कुणीतरी उतरवून नेला. जिनिंगमध्ये त्याला परत घेतलं, पण काट्यावर नाही, कापसाच्या गठाणी उचलायला. फळ्यावाचून लोकांचं काही अडलं नाही. दादा सहा वर्षांपूर्वी गेला. लिहिणं त्यानं पुन्हा केलं नाही.

त्या गुरुवारच्या दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीनं आम्ही तिघं बेलापूरला गेलो. भीमा ओट्यावर बसला होता. तो उठला नाही. घरात बायका होत्या, त्यांनी तोंडं फिरवली.

"निरोप पोचला म्हनून फोनवाल्यानं सांगितलं," भीमा म्हणाला. "लेक निगाली म्हनला. आमी दिस मावळंस्तवर थांबलो. येनाऱ्या परत्येक गाडीला मानूस धाडलं. आई तुजं नाव घेत गेली, आक्का."

वहिनी अंगणात उभी होती. मला वाटलं, आता ती सांगेल. फळ्याचं सांगेल, रंगाचं सांगेल, जीप करून जाऊ म्हणून थांबवून ठेवलं ते सांगेल. तिनं दादाकडं पाहिलं. दादा खाली बघत होता. ती त्याच्याकडं बघत राहिली. मीच तोंड उघडलं, तर वहिनीनं माझा हात इतका घट्ट धरला की मला कळ लागली.

"मलाच यायला जमलं न्हाई," ती भावाला म्हणाली.

भीमानं मान हलवली. "बरं," तो म्हणाला. "आता हितं तुजं काय ऱ्हायलं न्हाई. जलदानाच्या इधीलाबी येऊ नगंस." तो आत गेला आणि त्यानं दार लोटलं. माती झाली होती तिथं आम्ही जाऊन आलो. वहिनीनं वड्या तिथं ठेवल्या. भीमानं पुन्हा कधी तिला बोलावलं नाही, त्याच्या पोरांच्या लग्नाला सुद्धा नाही.

परतीच्या गाडीत गर्दी नव्हती. वहिनी खिडकीशी बसली, शेजारी दादा, मी मागच्या बाकावर. बेलापूर मागं पडल्यावर दादाचे खांदे हलायला लागले. त्याला रडताना मी पहिल्यांदाच पाहत होते.

"भागे, तू माझी अब्रू राखलीस," तो म्हणाला. "भीमापुढं माझी अब्रू राखलीस."

तिनं त्याच्याकडं पाहिलं नाही.

"मी राखली न्हाई," वहिनी म्हणाली. "तुमी बोलाल म्हनून मी थांबले हुते."