सत्कारांनी खाल्लेला अंतिम सामना

मुकुंदवाडी आणि गंगापूरच्या संघांतला फुटबॉलचा अंतिम सामना आठवला की आजही माझं डोकं तापतं. प्रत्येक सामन्याचे गोल आणि विजेता मी वहीत लिहिते. त्या संध्याकाळी मध्यंतरात पाहुण्यांचे सत्कार सुरू झाले. शाल, नारळ, भाषण, पुन्हा शाल. तेवढ्यात अंधारलं. सामना बरोबरीत होता, तरी आयोजकांनी उत्तरार्ध खेळवलाच नाही. नाणं उडवून गंगापूरला करंडक देऊन टाकला. आमची मुकुंदवाडीची पोरं मैदानातच बसून रडली.

गंगापूरचा कर्णधार हसत माझ्याकडं आला. "काकू, वहीत आमचं नाव लिहिलं ना?"

"नाय. अर्ध्या सामन्याचा कसला विजेता?"

"आमच्यावर कशाला चिडता? नाणं काय आम्ही उडवलं?"

"मग करंडक कशाला घेतला?"

तो करंडक घेऊनच गेला. विजेत्याचा रकाना मी कोराच ठेवलाय.